डावी पापणी

पूर्वी त्या जागेवर गैब्या बसायचा.
मिरजेच्या शिकलगारांचा पोरगा, ओठावर नुकती लव फुटलेली.
त्याचं काम एकच, मला जागं ठेवणं.
आष्ट्यापर्यंत बडबड, पेठ नाक्याला चहा,
आणि कराडचा पूल यायच्या आत
तोच डाराडूर.

शेठ विचारायचे, दोन तास गाडी कुठं उभी होती?
गैब्या सांगायचा, टायर बसला होता.
टायर काही बसला नव्हता.
उंब्रजला माझी थोरली बहीण राहते.
दाजी गेले त्या वर्षी
मी गाडी बाहेर लावून
तिच्यासमोर नुसता बसून यायचो.
एवढं गैब्याला ठाऊक होतं.
त्यानं ते कुणाला विकलं नाही.

आता तिथं, काचेच्या वरच्या अंगाला,
सुपारीएवढा डोळा आहे.
मगदूम शेठनी नव्या गाडीच्या पूजेदिवशीच बसवला.
भटजींनी हळदीकुंकवाचं बोट त्यालाही लावलं,
तसा मेकॅनिक ओरडला,
अहो भिंगाला नको, भिंगाला नको!

लहानपणी उसाचं पान लागलं
तेव्हापासून माझी डावी पापणी अर्धी मिटलेली.
शाळेत मिचक्या म्हणायचे.
सोयरीक जुळवताना फोटो
उजव्या बाजूनं काढून धाडला होता.
यंत्राला ह्यातलं काय ठाऊक.
पहिल्याच फेरीत, सांगली ते भिवंडी, हळदीची पोती,
मी एक्केचाळीस वेळा झोपलो.
खंबाटकी चढताना झोपलो,
टोलच्या रांगेत झोपलो,
शिंकलो तेव्हाही झोपलो.
पगारातून आठशे वीस रुपये गेले
न आलेल्या झोपेचे.

पण खोटं कशाला बोलू.
आनेवाडीच्या अलीकडं एका पहाटे
खरीच लागली.
दोन्ही पापण्या, बरोबरीनं.
डब्यातली बाई किंचाळली, मी ब्रेक दाबला.
पुढं उसाची ट्रॉली, मागं दिवा नाही,
मध्ये हातभर डांबर.
गैब्या असता तर
दोघंही झोपेतच गेलो असतो.
हेही लिहून ठेवा.

दुपारी कुपवाडच्या ऑफिसातून फोन आला.
पोरगीच होती, पुतणीच्या वयाची असेल.
काका, तुमचा डावा डोळा पहिल्यापासनं बारीक आहे का?
मी नोंद करते, पैसे कापायचे थांबतील.
चांगली पोर.
पण माझा हात आपोआप डोळ्यावर गेला.
म्हणजे ही बघते.
यंत्र नुसतं मोजतं, ही बघते.
माझं पुटपुटणं, नाकातलं बोट,
उंब्रजची पाटी आली की
कुठल्या बाजूला मान वळते, ते.

मी विचारलं, गाडी बंद केल्यावरपण दिसतं का गं?
नाही काका, म्हणाली.
मग जरा थांबून,
माझ्या स्क्रीनवर तरी नाही.

तेव्हापासून लुंगी चाकाआड बदलतो.
उंब्रजला थांबत नाही.
थांबलो की नकाशावरचा ठिपका थांबतो,
आणि ठिपक्याला टायर बसल्याचं सांगता येत नाही.
बहीण म्हणते, जाताना हॉर्न तरी देत जा.
देतो.
त्याचीही कुठंतरी ओळ पडत असेल.

गैब्या हल्ली मिरजेत मोबाइलला काचा बसवतो.
फोन केला की अजून विचारतो,
मामा, जागं हाय न्हवं?

रात्री पेठ नाक्याला गाडी लावतो,
किल्ली काढतो, टॉवेल झटकून
सुपारीवर टाकतो,
आणि तोंडात जुनंच येतं,
झोप रे गैब्या, झोप आता.

टॉवेल विरलाय.
आतला तांबडा ठिपका
तेवढा दिसत राहतो.