आदल्या रात्री, दहाच्या स्पीडनं

वाघोलीच्या पुढं, बंद पडलेल्या खाणीत
मुरमाचा एक लंबगोल आहे.
भिंत म्हणजे खाणीचाच काळा दगड,
त्याच्यापुढं टायरांची रास.
उद्या-परवा तिथं वर्षातली मानाची शर्यत.
आज रात्री फक्त मी
आणि दहा हजार लिटरचा टँकर.

एरवी मी खराडीतल्या सोसायट्यांना पाणी टाकतो.
अकराव्या मजल्यावरनं लोक ओरडतात,
पाइप नीट लावा.
इथं कुणी ओरडत नाही.
मुरूम पाणी पितो, तापल्या तव्यावर
हात झटकल्यासारखा आवाज येतो.
बायको म्हणते, मातीला कसलं पाजतोस,
वरच्या आळीला हंडाभर नाही.
तिला उत्तर नाही माझ्याकडं. पैसे आहेत.

तर सांगतो, कसं आहे ते.
वर्षभरात ज्यांनी एक तरी शर्यत मारली
ते आठ जण थेट आत.
उरलेल्यांची उद्या दुपारी वीस चकरांची झोंबी,
तिच्यातला पहिला आत.
आणि एक जण लोकांच्या मतांवर.
निवडणूक आपल्याकडं कुठंच चुकत नाही.
अस्लम तांबोळी तिच्यावरच टेकून बसलाय,
चार वर्षं दुसरा येतोय बिचारा,
हडपसरच्या निम्म्या रिक्षांमागं त्याचा फोटो,
फोटोत तो जिंकल्यासारखा हसतो.

गाड्या म्हणाल तर तुमच्या-आमच्याच.
झेन, एस्टीम, एखादी लॅन्सर.
पोट नाना पेठेतलं, सांगाडा भोसरीत जोडलेला,
काचा काढलेल्या, मागची सीट काढलेली.
केर्सी इराणीच्या डॅशबोर्डवर मात्र
कुणा पोरानं चिकटवलेला वाघ आहे अजून.
कुणाचं पोर, त्यालाही ठाऊक नाही.
तो वाघ निघत नाही म्हणतो. मला वाटतं, काढत नाही.

परवाच्या शर्यतीला गुण नाहीत.
म्हणजे वर्षाच्या बेरजेत ती धरत नाहीत,
दोन लाख रोख आणि एक ढाल, संपलं.
म्हणून मजा. गुण नाहीत म्हटल्यावर
जो तो आपला वाण दाखवतो.
संदेश काळभोर धक्का मारल्याशिवाय पुढं जात नाही,
परवा तर त्याला विचारायलाच नको.

संध्याकाळी त्याचा माणूस चहा घेऊन आला.
तिसऱ्या वळणाला आतनं जरा कमी सोड, म्हणाला.
चहा मी पिऊन टाकला.

मग ऋजुता पासलकर आली, बँकेतनं सुटून,
गळ्यात अजून ओळखपत्र.
चप्पल काढून तिसऱ्या वळणावर उभी राहिली,
मूठभर माती उचलली, दाबली, उघडून बघितली.
काही मागितलं नाही.
एवढंच विचारलं, पहाटे वारा कुठनं येतो?
मी म्हणालो, थेऊरकडनं.
तिनं हात सलवारीला पुसला आणि गेली.

मी नेहमीसारखंच पाणी मारलं.
तीन फेरे, दहाच्या स्पीडनं, आत-बाहेर सारखं.
या मातीवर माझ्याइतका हळू कुणी फिरला नसेल.
कुठं खडा वर आलाय, कुठं उतार खातो,
मला माहीत, आणि मला कुणी विचारत नाही.

अकराला टाकी रिकामी झाली.
वॉचमन जेवायला गेलेला.
रिकामा टँकर हलका असतो, पोरासारखा,
त्याला थांबवत नाही.
मी दुसरा टाकला, मग तिसरा.
चाळीसवर काटा गेला, दिवे बंद केले,
चांदणं पुरेसं होतं.
तिसऱ्या वळणाला ढुंगण सुटलं गाडीचं,
दगडाकडं, बाहेर, बाहेर,
आणि बाहेरच्या ओल्या पट्ट्यानं
मला हातानं धरल्यासारखं परत आणलं.

कळलं तेव्हा. ती बाहेरनं येणार.

खाली उतरून बघितलं तर
वळणभर माझ्या चाकांचे दोन चर,
वितभर खोल, सकाळी सगळ्यांना दिसतील असे.
बुजवायला अजून अर्धा टँकर लागेल.
आता विहिरीवर आहे.
माझ्यापुढं चार गाड्या उभ्या आहेत.