तीन मिल

अक्कलकोट रोड एमआयडीसी, मागच्या गल्लीतलं शेड.
बाहेर त्रेचाळीस. आत एसी बावीसवर,
माझ्यासाठी नाही, फिल्मसाठी.
उन्हानं फिल्म ताणते, केसभरच,
पण केसभर सरकलं की
आयसीच्या पायावर हिरवी शाई चढते
आणि कथिल तिथं धरत नाही.

काम उलटं आहे, इराप्पाला सांगते मी.
तू काळं करशील तिथं शाई राहणार नाही.
उजेड पडेल तेवढं हिरवं घट्ट होईल,
काळ्याखालचं सोड्याच्या पाण्यात धुऊन जाईल
आणि तांबं उघडं पडेल.
तो मान हलवतो.
कळलेलं नाही त्याला.
मला तरी कुठं कळलं होतं वर्षभर.

पॅड आहे तेवढाच उघडायचा नाही,
चहूबाजूंनी तीन मिल सैल ठेवायचा.
दोन पायांच्या मधे मात्र
हिरव्याची भिंत हवी, निदान चार मिल.
मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग.
आमच्या गल्लीत मिल म्हणजे भोंगा,
जो मी ऐकलेला नाही.
सोलापुरात आता मिल कुठं, म्हणतात लोक.
मी रोज मोजते. कडेला तीन, मधे चार.

चैत्रात चुकले.
मादूरशेठच्या मागाच्या मीटरचा बोर्ड,
कोपऱ्यात पाच बारके गोल, त्यांना ना पाय ना भोक.
मला वाटलं, कुणाच्या तरी हातून पडलेले ठिपके.
पुसले.
दोनशे बोर्ड छापून, भाजून, गुळगुळीत हिरवे आले,
आणि प्रोग्राम भरायच्या सुया
त्या हिरव्यावर नुसत्या टेकून राहिल्या.

रात्री घरी पिशवीभर बोर्ड आणि ब्लेड.
एका बोर्डावर पाच, असे हजार गोल खरवडायचे.
नान्ना जेवून शेजारी येऊन बसले,
चष्मा कपाळावर, दुसरं ब्लेड हातात.
जकार्डचे पत्ते पंच करण्यात त्यांची तीस वर्षं गेली.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, राजमणी,
एकदा पत्त्यात एक भोक राहिलं माझ्याकडून.
अख्ख्या लॉटमधल्या मोरांना डोळाच नाही.
मग?
मग काय, विकल्या चादरी.
आंधळा मोरही ऊब देतो.

तुझं हे अवघड आहे, म्हणाले,
आणि पुढचा बोर्ड ओढला.
एकशे बारा त्यांनी केले.
माझ्यापेक्षा साफ.

आज त्याच बोर्डाची नवी फिल्म.
लाइट टेबलवर अंथरली, इमल्शन खाली,
भिंगातून कोपरा पाहिला.
एक, दोन, तीन, चार, पाच.
सहा.
सहावा कुठून आला?
इराप्पाही वाकून बघतो, श्वास धरून.
फुंकर मारली.
हलला.
टेप दे रे, म्हटलं.