कमिंग सून

तार आली तेव्हा खाडीला भरती होती.
तारवाला पूर्णगडच्या उतारावर सायकल हातात धरून आला
आणि आठवीतला मी, वाडीत इंग्रजी येणारा एकटाच,
काशीबाय डोर्लेकरणीच्या खळ्यात उभा राहिलो.
दोनच शब्द. एडनहून. विसरामचे.
मी ठणठणीत वाचले :
कमिंग सून.

"सून?" ती म्हणाली. "कोनाची पोर?"

मला तरी कुठे माहीत.
कमिंग म्हणजे येणं, एवढंच धड्यात झालं होतं.
येतेय, म्हटलं.

त्या आठवड्यात तिने काय नाही केलं.
मागची पडवी सारवली,
सुकटीची टोपली शेजारी नेऊन ठेवली, वास नको म्हणून,
कासाराला थांबवून हिरव्या चुड्याचा भाव केला
आणि तिथे अडली.
बोटीवरून येणारी बाई, मनगट केवढं असेल?
शेवटी स्वतःचंच पुढे केलं.
जरा सैल दे, म्हणाली, कामाने हात सुजतात.

सुट्टीला आलेल्या गोठणकर मास्तरांनी
तार उलटीसुलटी पाहिली.
"सून म्हणजे लवकर गो. लवकर येतोय, इतकंच."
ती हसली नाही, रडली नाही.
"मग तसं लिवायचं," म्हणाली
आणि सुकटीची टोपली परत आणली.

विसराम आला दोन पावसाळे उलटल्यावर.
एक रेडिओ, सहा वासाचे साबण, आणि एकटा.

पुढे मीच मास्तर झालो.
बत्तीस वर्षं फळ्यावर त्या शब्दापुढे 'लवकर' लिहिलं.
निवृत्त झाल्यावर रत्नागिरीला वाचनालयात
कसर लागलेला एक जाडा कोश उघडला, सहज,
तर त्यात निराळंच.
हजार वर्षांपूर्वी तो शब्द लवकर नव्हता.
आत्ता होता. ह्या क्षणी.
म्हणणारे म्हणत राहिले आणि पोचेनात,
ताटं निवली,
तसा शब्द भिजल्या दोरासारखा ताणत ताणत
'आत्ता'पासून सुटून पुढे पुढे गेला.
त्याला खोटा कुणीच म्हटलं नाही.
फक्त त्याच्या भरवशावर
चुलीवर भात टाकायचं बंद केलं.

आपण तरी कुठे.
पोरगा फोनवर सांगतो, आलोच!
चक्क भूतकाळात सांगतो,
आणि पुलापलीकडे गावखडीला चहा पीत असतो.
निघणाराही आपल्याकडे येतो म्हणतो.
विसराम येतो म्हणूनच होडीत चढला होता,
काशीबाय तेव्हा गुडघाभर पाण्यात उभी,
ये, म्हणाली होती.

तो चुडा तिने माझ्या बहिणीला लग्नात दिला.
सैल झाला.
कोपरापर्यंत सरकायचा,
भात वाढायला वाकली की
किणकिणत पुन्हा खाली यायचा.