भिंतीकडे तोंड

"उस्ता, खुर्ची भिंतीकडे वळते?"
दारातूनच विचारतो ओर्हुन. वय सोळा.
टोपी भुवयांवर, मफलर नाकावर,
आणि बाहेर गिरेसुनमध्ये मे महिना,
समुद्र नुसता चकाकतोय.

वळते की.
चाळीस वर्षांत त्या बाजूला कुणी वळवलीच नव्हती,
करकरली जराशी.

आता आरसा त्याच्या पाठीला.
समोर भिंत, भिंतीवर खताच्या कंपनीचं
दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, त्यात एक होडी.
तिच्याकडे तो असा बघतो,
की जागा असती तर चढून बसला असता.

उद्या शाळेत फोटो.
मफलर सोडवताना मी घाई करत नाही.
कपाळ, गाल, हनुवटी.
काही लाल, काही पिकलेली, काही नखांनी खरवडलेली.
मी "अरे बापरे" म्हणत नाही.
"काय रे हे" असंही नाही.
न्हाव्याचा अर्धा धंदा हातात,
अर्धा जिभेच्या लगामात.

"आई लिंबू चोळते," तो होडीला सांगतो.
"बाबांनी हेझलनट बंद केलेत."

हेझलनट!
ज्याची बाग डोंगराच्या खांद्यापर्यंत चढलीय
त्याच्या घरात पोराला दाणा नाही.
बिचारा बाप. काहीतरी करायला हवं म्हणून
हाताशी होतं तेच काढून घेतलं.

बाकावरचा शुक्रू चहा ढवळत म्हणतो,
"रासिम, पालिकेला कळव रे,
रस्त्यावर टाकायला मुरूम सापडला."

कात्री थांबते.
मी जातो, त्याच्या हातातला पेला काढून घेतो,
अर्धा भरलेला.
"दुकान बंद झालं."
"अकरा वाजलेत फक्त!"
"तुझ्यापुरतं बंद झालं."

तो गेल्यावर दुकानात बराच वेळ
फक्त किटलीचा आवाज.
पोराचा गळा आवंढा गिळतो, मला दिसतं,
मला सगळ्यांचे गळे दिसतात.

मग मी त्याचं बोट धरतो,
माझ्या दाढीत घालतो, डाव्या गालावर.
"लागला खड्डा?
तुझ्याएवढा होतो. या दुकानातल्या आधीच्या उस्ताने
नखाने फोडलं, म्हणाला, घाण निघाली की बरं."
"म्हणून दाढी ठेवलीत?"
"म्हणून न्हावी झालो.
आरशात जो तो स्वतःला बघतो.
न्हाव्याकडे कोण बघतं?"

पहिल्यांदा हसतो. हसताना दुखतं त्याला, ओठाखाली एक आहे.

कोमट पाणी. नवं पातं, त्याच्यासमोर कागदातून काढलेलं.
केसांच्या कलाने, दाब न देता,
रात्री निजलेल्या पोरांमधून
पाय टाकत पाणी प्यायला जावं
तसं जातं पातं.

"ऐक. लिंबू चहात. टूथपेस्ट दातांना.
दिवसातून दोनदा साध्या साबणाने, घासायचं नाही,
ती भांडी नाहीत.
आणि नखं आत्ता काप, ही घे कात्री.
दवाखान्यात गुरुवारी डॉक्टर नेस्रीन बसतात.
त्या च्‌ च्‌ करत नाहीत, लिहून देतात."
"किती दिवसांत जातील?"
"तीन महिने धर. कमी-जास्त."
"फोटो उद्या आहे."
"हो. फोटोत असतील."

खोटं बोलता आलं असतं.
कुणाचं लक्ष नसतं, म्हणता आलं असतं.
असतं लक्ष. मला माहीत आहे, त्यालाही.
सोळाव्या वर्षी एवढं तरी
कुणीतरी कबूल करावं माणसाजवळ.

तो पैसे काढतो.
"ऑगस्टमध्ये दे," मी म्हणतो,
"आणि मूठभर हेझलनट आण, बापाच्या देखत."

मग खुर्ची तो स्वतःच फिरवतो,
अर्धीच. कानाजवळचे केस बघण्याइतकी.
"बरे कापलेत," म्हणतो,
आणि उठून उतारावरून पळत सुटतो.

मफलर खुंटीवरच राहिला.
दारापर्यंत गेलो होतो मी,
हाक नाही मारली.