सील रिंग, बेचाळीस मिलिमीटर

मरोळच्या सतरा नंबर गाळ्यात
एसी वीस अंशांवर बांधलेला,
माणसांसाठी नाही, पोलादासाठी.
मे महिन्यात आम्ही स्वेटर घालून बसतो.

टेबलावर रिंग. पास्कल फरेरांनी लॅप केलेली:
हिऱ्याची पेस्ट, तांब्याची प्लेट,
आणि अडतीस वर्षांचं मनगट.
तिच्यात डोकावलं की रिंग दिसत नाही.
ट्यूबलाइट दिसते, माझ्या नाकपुड्या दिसतात,
छतावरचा गेल्या वर्षीचा ओलीचा डाग दिसतो.
ती स्वतः नेमकी किती उंचीवर आहे
ते मात्र सांगत नाही.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणायची आई.
आई, इथे आरशाचंच माप घ्यायचंय,
आणि तोंडाला हात लावायची परवानगी नाही.
सुई टेकवली तर ओरखडा.

सोमवारी लेझरवाला आला. लाल ठिपका.
खडूवर टाका, विटेवर टाका, माझ्या तळहातावर टाका,
ठिपका चहूकडे बोभाटा करतो,
थोडा कॅमेऱ्याच्याही कानावर जातो.
रिंगवर पडला आणि एकच वाट धरून
कॅमेऱ्याला ओलांडून गेला,
भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाऊन बसला,
संकष्टीच्या चौकोनात.
पडद्यावर आकडा: नऊ नऊ नऊ नऊ.
जरा कलता केला, तर सगळा उजेड एकदम आत.
कॅमेरा दिपला, पुन्हा नऊ नऊ नऊ नऊ.
‘पांढरी पावडर फवारा,’ तो म्हणाला, ‘सगळे फवारतात.’
पास्कलकाकांनी चष्मा काढला.
‘तुझा थर पाच मायक्रॉनचा.
माझं काम एका मायक्रॉनच्या आतलं.
मग मापणार काय, माझी रिंग की तुझी पावडर?’

बुधवारी इंटरफेरोमीटर.
किंमत ऐकून शेठ दोन ग्लास पाणी प्यायले.
चित्र देखणं आलं, पट्ट्यापट्ट्यांचं,
आणि पलीकडच्या गाळ्यात पॉवर प्रेस सुरू झाला.
पट्टे थरथरले, विरले.
साडेबारा ते एक, प्रेसवाले डबा खातात तेव्हा
यंत्र फार सुंदर मापतं.
शेठना हवी आखूडशिंगी, बहुदुधी.
शिवाय तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशेजारी.

शुक्रवारी हेमांगी तांडेल आली,
पेनाएवढा प्रोब रुमालात गुंडाळून.
पांढरा उजेड तिने उभा उसवला:
निळा लेन्सजवळ थांबतो, तांबडा दूर,
मधले आपापल्या पायरीवर.
रिंग ज्या पायरीवर असेल
तेवढाच रंग बारीक भोकातून घरी येतो.
बाकीचे बाहेरच घुटमळतात.
आला तो हिरवा होता,
लिंबाच्या कोवळ्या पानाचा.
पलीकडे प्रेस चालूच होता.
‘पॉइंट सात,’ ती म्हणाली.

पास्कलकाका काही बोलले नाहीत.
कोपऱ्यातला सोडियमचा पिवळा दिवा लावला,
रिंगवर काचेची चकती ठेवली,
ओठ हलवत काळे पट्टे मोजले.
‘अडीच.’
मी कागदावर गुणाकार केला.
पॉइंट सात, आणि वर किंचित.
त्यांनी दिवा विझवला. हेमांगीला चहा सांगितला.

पण काठाशी, जिथे रिंग पंचेचाळीस अंशांत उतरते,
तिथून कुठलाच रंग परतला नाही.
आलेखाची रेघ तुटली.
पडद्यावर प्रश्न होता: रिकामी जागा भरू का?
चौकोनात बरोबरची खूण आधीपासूनच केलेली.

मी ती काढली.

ऑर्डरच्या कागदावर ‘कारण’ या रकान्यात
तीन ओळी लिहिल्या, दोन खोडल्या.
आलेख छापून फाइलला लावला,
दोन्ही टोकांना रेघ, मध्ये कोरं.
सोमवारी पाहते तर त्या कोऱ्यात
बोथट पेन्सिलीने कोणीतरी लिहिलेलं:
काठ नखाने तपासला. ठीक. पी. एफ.