कोनफळी

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
शुक्रवारी आमचं शटर अर्धंच वर असतं.
त्या अर्ध्यातून वाकून जोमार आत आला
गिटार छातीशी धरून,
तापाचं पोर दवाखान्यात आणावं तसा.

"राऊतभाई, गाडी नाही. एवढंच."
एवढंच म्हणजे पिकगार्ड :
तारांखालचा प्लास्टिकचा पत्रा,
कधीकाळी पांढरा,
आता मोरीतल्या जुन्या मगासारखा.

एकोणीस वर्षं मी गाड्या रंगवतो,
त्यातली सोळा पांढऱ्यात गेली.
ऊनच असं, की सगळ्यांना पांढरीच हवी.
पर्ल पांढरी, दुधी पांढरी, कंपनीची पांढरी,
आणि "भाई, ये वाला नहीं, वो वाला सफेद."
मी मान डोलावतो.
वो वाला मला ठाऊक असतो.

अकरा स्क्रू. दहा निघाले, एक तुटला.
पत्रा उचलला
आणि दोघेही गप्प.
खाली लाकडावर, पत्र्याच्याच आकाराचा,
लाल.
बाहेरची गिटार विटून कौलासारखी,
आणि हा आत बसून राहिलेला,
ऊन कशाशी खातात ते माहीत नसलेला.
घड्याळ काढल्यावर मनगटाला दिसतं, तसं काहीसं.
मी माझं घड्याळ काढलं नाही.

"रंग कुठला?"
त्याने मोबाइल पुढे केला.
आइसक्रीमचा गोळा, जांभळा.
"उबे," म्हणाला, आणि बोटांनी हवेत जमीन खणून दाखवली.
अरे, हे तर कोनफळ!
केळव्याला थंडीत उकडहंडीत पडतं ते.
सोलताना खाज, चिरताना बोटं जांभळी.
माझी थोरली बहीण ती बोटं शाळेत मिरवायची,
मेंदी म्हणून.
त्याला म्हणता येईना.
"कोन्पल."
चाललं.

प्लास्टिक सुखासुखी रंग धरत नाही.
पहिल्यांदा घाई केली, सरळ गन चालवली;
सकाळी नखाने सोलला,
लसणीच्या सालीसारखा आला हातात.
मग साबण, मग आठशेचा पेपर पाण्यातून,
चकाकी मरेपर्यंत.
मग बंपरचा प्रायमर. मग थांबणं.

जांभळा डबा दुकानात नव्हता.
जांभळी गाडी घेतो कोण इथे?
पाण्याच्या टँकरचा निळा उरला होता,
कुणा हौशी पोराच्या मोटरसायकलचा लाल,
आणि पांढरा. तो काय, पिंपभर.
थेंब थेंब घालून काडीवर बघायचं :
ट्यूबखाली एक जांभळा, दारात दुसरा,
उन्हात तिसराच.
तो म्हणे, अजून दूध.
मी म्हणे, अजून माती.
शेवटी त्याची पाठ वळली तेव्हा
मी काळ्याचा एक थेंब सोडला.

क्लिअर मारताना वाळूचा कण बसला.
मला वाटलं, म्हणेल राहू दे, आठवण.
"घास," म्हणाला.
पुन्हा घासला, पुन्हा मारला.
भट्टीत नाही घातला, प्लास्टिक वाकतं;
कपाटावर ठेवला दोन रात्री,
वर कागद, कागदावर माझी टोपी.

रविवारी बसवला.
लाल परत झाकला गेला.
अकराव्या जागी नंबरप्लेटचा स्क्रू,
जरा मोठा, दिसतो.
ॲम्प नव्हता.
विजेची गिटार विजेविना
काडेपेटीतल्या भुंग्याएवढी वाजते.
आम्ही कॉम्प्रेसर बंद केला, पंखा बंद केला,
घाम पुसत ऐकलं.
तिसऱ्या गाण्याला पहिला ओरखडा पडला.
माझा जीव कळवळला.
त्याचं लक्षही नव्हतं.

सोमवारी एक पॅट्रोलवाला आला.
ढवळायच्या काडीवर सुकलेला रंग बघून थबकला.
"ये कौनसा कलर? कोड क्या है?"
कोड नाही, म्हटलं.
थंडीत खणावा लागतो.
तो हसला नाही.
मीही पांढऱ्याचं झाकण उघडलं.
वो वाला.