बारा मिलिलिटर

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये पिंप उघडलं
तेव्हा आधी वास आला,
नव्या डांबरी रस्त्याचा, भर दुपारचा.
आत वाळू. काळी, चिकट.
मुठीत धरली तर मूठ सोडत नाही.
दूरच्या देशाची, जिथे असली वाळू
गरम पाण्यात घुसळतात
आणि उरलेलं पाणी तळ्यांत साठवतात.
तळी निवळत नाहीत, हर्षिदाबेन म्हणाल्या,
वर्षानुवर्षं नाही.
पाखरं उतरू नयेत म्हणून काठावर तोफा वाजवतात.

घाबरवून वाचवायचं!
मी नोंदवहीत तारीख घातली.

वाळूतून तेल म्हणजे न होणारी गोष्ट,
असं दांडिया बाजारच्या शाळेत शिकले होते.
बाईंना कुठे ठाऊक,
होणारी गोष्ट निस्तरणं किती अवघड.

आमची रीत निराळी. पाणी नाहीच.
द्रावक घालायचं, बेताचा शेक द्यायचा,
पुरण घोटावं तसं हळू ढवळायचं.
तेल द्रावकात उतरतं, वाळू तळाशी बसते,
मग द्रावक उडवायचं, थंड करायचं,
थेंब थेंब परत मिळवायचं.
दिलं तेवढं परत यावं. हिशेब एवढाच.

सहाशे दिलं.
पाचशे अठ्ठ्याऐंशी आलं.

सोमवारी तेच. बुधवारी सगळी सीलं बदलली,
काचेच्या सांध्यांना ग्रीस लावलं,
तरी तेच.
बारा मिलिलिटर गेलं कुठे?
हवेत? वाळूत?
की तेजलच्या आणि माझ्या छातीत?

पारेखसाहेब म्हणाले,
चालशे, टिपणीसबेन, अठ्ठ्याण्णव टक्के!
अहवालात लिहा, स्वच्छ प्रक्रिया.

चार पिढ्या झाल्या आम्हाला बडोद्यात.
चालशे मी झोपेतही म्हणते,
भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, आरशाला.
त्या दिवशी तोंडातून निघेना.

दादा रिफायनरीत होते.
गोरव्याच्या गच्चीवरून तिची ज्योत दिसायची,
आई म्हणायची, ती बघ, दादा जागे आहेत.
सकाळी परतले की मोरीत बसून
बेसनाने हात चोळायचे, मग राखेने.
नखांत राहायचंच थोडं.
त्याच हातांनी मला भरवायचे.
शाळेची फी, सायकल, दिवाळीला दोन फ्रॉक,
मला काय कमी होतं?

तर मी काय केलं,
धुतलेली वाळू चहाच्या कपात भरली,
वर मेथीचे वीस दाणे पेरले.
शेजारी महीच्या वाळूचा कप, त्यातही वीस.
तेजल हसली, भाजी कधी?

सहाव्या दिवशी महीचे एकोणीस वर.
आमचे अकरा,
दोऱ्यासारखे पांढरे, मान टाकलेले.

म्हणजे वाळूत आहे. निदान थोडं तरी.
दुसरी खेप आणखी चार तास शेकली,
पुन्हा पेरली, चौदा उगवले,
पण विजेचा मीटर नुसता पळत होता
आणि ती वीज कुठल्या कोळशाची,
हे कुठल्या कपात पेरून बघायचं?

अहवालातला ‘स्वच्छ’ मी खोडला.
वर लिहिलं, ‘कमी’.
साहेबांनी चष्मा पुसला.
कमी म्हणजे किती, बेन?
म्हटलं, पाण्याचं तळं नाही, हे खरं.
द्रावक बारा कमी.
मेथी पाच कमी.
वीज जास्त, तिचा आकडा पान चारवर.
ते कप हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले.
मग म्हणाले, हे पान चार
कोणी वाचत नाही, तुम्हाला माहीत आहे ना?
आणि सही केली.

संध्याकाळी विश्वामित्रीच्या पुलावर गर्दी होती,
मगर वर आली होती म्हणे.
मला काठावरची शेवाळी झाक तेवढी दिसली.
हाताला अजून डांबराचा वास.
घरी बेसन संपलेलं.

आज सकाळी त्या चौदांच्या कपात
आणखी एक वर आलाय, उशिरा.
अहवाल तर गेला.
वहीत त्या तारखेपुढे जागा नव्हती,
समासात लिहिलं:
पंधरा. वाकडा.